लेजेंडपर्यंत कुठला डेक न्यायचा? हार्थस्टोनमधले अ‍ॅग्रो, कंट्रोल आणि कॉम्बो

महिन्याची पहिली तारीख, रँक परत ब्राँझ १० वर आलेली, आणि हाताशी असलेलं डस्ट (कार्डं बनवायला लागणारं चलन) एकाच डेकपुरतं, म्हणजे ३० कार्डांच्या एकाच गड्डीपुरतं. हार्थस्टोन हा ऑनलाइन कार्डांचा खेळ खेळणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न इथून सुरू होतो. उत्तर शोधताना जो तो विनरेटच्या (जिंकण्याच्या टक्केवारीच्या) यादीत सगळ्यात वर असलेला डेक उचलतो. पण त्या यादीत दोन गोष्टी नसतात: तो डेक एका डावाला किती मिनिटं खातो, आणि तुमच्या हातात तो किती जिंकतो.

आधी शिडीचा हिशेब. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि डायमंड अशा पाच लीग, प्रत्येकीत १० रँक (१० तळाची, १ वरची), प्रत्येक रँकला ३ स्टार. त्यावर लेजेंड, सगळ्यात वरची पायरी. दर पाच रँकवर एक फ्लोअर असतो. तिथे पोचलात की त्या महिन्यात त्याखाली घसरत नाही. मागच्या महिन्यात जितके वर गेला असाल तितका मोठा स्टार बोनस (प्रत्येक विजयाला एकाऐवजी जास्त स्टार) नव्या महिन्यात मिळतो, जास्तीत जास्त ११ पट, आणि प्रत्येक नव्या फ्लोअरला तो एकाने कमी होतो. शिवाय डायमंड ५ पर्यंत लागोपाठ तिसऱ्या विजयापासून जादा स्टार मिळतात. त्यामुळे बोनस चांगला असेल तर डायमंड ५ पर्यंतचा प्रवास कुठल्याही बऱ्या डेकने होतो. मात्र बोनस चालू असताना समोरचा खेळाडू रँक बघून नाही, तुमच्या छुप्या रेटिंगवरून निवडला जातो. 'सिल्व्हरमध्ये एवढे कसलेले लोक कसे?' याचं उत्तर तेच.

खरी कसोटी डायमंड ५ ते लेजेंड. बोनस बहुतेकांचा संपलेला, सलग विजयांचं बक्षीस बंद, आणि हवेत निव्वळ १५ स्टार. जिंकलात तर एक चढतो, हरलात तर एक उतरतो, पण डायमंड ५ च्या तळाशी असताना हरलात तर काहीच जात नाही. हा फ्लोअर धरून हिशेब केला तर सरासरी इतके डाव लागतात:

| विनरेट | सरासरी डाव |
|---|---|
| ५० टक्के | २४० |
| ५३ टक्के | १४१ |
| ५५ टक्के | १०७ |
| ५७ टक्के | ८६ |
| ६० टक्के | ६५ |

पहिली ओळ बघा. निम्मे डाव हरणाराही चिकाटीने खेळला तर पोचतो, कारण फ्लोअर खालून धरून ठेवतो. आता यात वेळ घाला. अ‍ॅग्रो म्हणजे लवकर हल्ला करून डाव संपवणारा डेक, कंट्रोल म्हणजे हल्ले परतवत डाव लांबवणारा. अ‍ॅग्रोचा डाव सरासरी ६ मिनिटांचा आणि कंट्रोलचा १२ मिनिटांचा धरा. अ‍ॅग्रो ५३ टक्क्यांनी चालला तर १४१ डावांना साधारण १४ तास. कंट्रोल ५५ टक्क्यांनी चालूनही १०७ डावांना २१ तास. त्याच १४ तासांत कंट्रोलने पोचायचं तर विनरेट जवळपास ५९ लागेल, आणि डायमंडमध्ये तेवढा टिकवणं म्हणजे खायचं काम नाही. म्हणून रोज तासभर मिळत असेल आणि लेजेंडचा कार्डबॅक (कार्डाच्या पाठीचं चित्र) पहिल्यांदाच घ्यायचा असेल तर दोन टक्के कमी असलेला अ‍ॅग्रोच बरा. रात्री निवांत दोन-तीन तास बसणाऱ्याला आणि लांब डावाचा कंटाळा नसलेल्याला हे गणित तितकं लागू नाही.

अ‍ॅग्रो स्वस्तही पडतो. कार्ड क्राफ्ट करायला, म्हणजे डस्ट देऊन बनवायला, दुर्मिळतेप्रमाणे कॉमनला ४० डस्ट, रेअरला १००, एपिकला ४०० आणि लेजेंडरीला १६००. समजा अ‍ॅग्रो डेकमध्ये १८ कॉमन, १० रेअर, २ एपिक आहेत आणि लेजेंडरी एकही नाही: एकूण २५२०. जड कंट्रोलमध्ये ७ लेजेंडरी, ८ एपिक, ९ रेअर, ६ कॉमन धरा: १५,५४०. म्हणजे सहापट. सगळ्यांना फुकट मिळणाऱ्या कोअर संचामुळे दोन्ही आकडे प्रत्यक्षात खाली येतात, पण तफावत राहतेच. आणि हे डस्ट कुठून येतं तेही पाहा. ५ कार्डांच्या पॅकमध्ये किमान एक रेअर असतं. सगळ्यात फुसका पॅक, म्हणजे ४ कॉमन आणि १ रेअर, मोडला तर ४० डस्ट हाती येतं. एका लेजेंडरीला असे ४० पॅक.

आता खेळाच्या अंगाने.

अ‍ॅग्रो म्हणजे डोळे मिटून चेहऱ्यावर, म्हणजे थेट समोरच्या हिरोवर, मारणं, हा समज या डेकचे सगळ्यात जास्त डाव घालवतो. एक प्रसंग घ्या. तुम्ही हंटर, दुसऱ्या क्रमाने खेळताय, सहावा टर्न. समोर मेज (जादूगार) हा क्लास, १४ हेल्थवर. तुमच्या बोर्डावर ३, २ आणि २ अटॅकचे तीन मिनियन (बोर्डावर उतरून लढणारी कार्डं), हातात २ मॅनाचे (मॅना म्हणजे कार्ड खेळायचा खर्च) आणखी दोन, एक २ अटॅकचा आणि एक ३ चा. तिघांनी मारलं, हिरो पॉवरने (क्लासच्या ठरलेल्या क्षमतेने) २, एकूण ९. मेज ५ वर आला. हातात ४ मॅना उरलाय, ते दोघं उतरवण्याइतका. उतरवू नका. ते या टर्नला मारू शकत नाहीत, आणि पुढच्या टर्नला बोर्ड जिवंत राहिला तर आहेत त्या तिघांचे ७ आणि हिरो पॉवरचे २ मिळून ५ केव्हाच संपतात. पण मेज पहिल्या क्रमाने खेळतोय, पुढच्या टर्नला त्याच्याकडे ७ मॅना आहे, म्हणजे सगळ्या मिनियनवर एकदम मार देणारा फ्लेमस्ट्राइक बसतो. पाचही मिनियन उतरवलेले असतील तर पाचही साफ, आणि उरली फक्त हिरो पॉवर: ५ चे ३, ३ चे १, तिसऱ्या टर्नला शेवट. दोन हातात राखले असतील तर सातव्या टर्नला हिरो पॉवर मारून दोघं उतरतात आणि आठव्याला डाव संपतो. फरक एका टर्नचा, पण त्या टर्नलाच समोरच्याला हील किंवा टाँट (ज्याला आधी मारावंच लागतं असा मिनियन) सापडतो.

दुसरी चूक उलट टोकाची: प्रत्येक मिनियन समोरच्याच्या मिनियनवर झिजवणं. दरवेळी विचारायचं इतकंच की शेवटचा दम आत्ता कोणाचा लांब आहे. समोरच्याच्या डेकमध्ये जड कार्डं असतील तर दम त्याचा, मग चेहरा. समोरही अ‍ॅग्रोच असेल तर ज्याच्याकडे बोर्ड तो राजा, मग तिथे ट्रेड करा, म्हणजे मिनियनने मिनियन मारा. अ‍ॅग्रोला अ‍ॅग्रोने हरवताना नवशिके चेहऱ्यामागे धावतात आणि एका टर्नने हरतात.

कंट्रोलचं सुख वेगळं. मेटा (सध्या जास्त खेळले जाणारे डेक) ओळखीचा असेल तर प्रत्येक डावात निर्णयांना जागा मिळते, आणि ओळख वाढेल तसा विनरेटही वाढतो. अ‍ॅग्रोमध्ये हे तितकं होत नाही. पण त्यासाठी समोरच्या डेकची यादी पाठ हवी. त्याचं मोठं कार्ड कितव्या टर्नला येतं, त्याच्याकडे हिरोला थेट बसणारा डॅमेज किती, हे ठाऊक नसेल तर रिमूव्हल (मिनियन उडवणारं कार्ड) चुकीच्या मिनियनवर खर्च होतो. तिसऱ्या टर्नच्या ३/२ (३ अटॅक, २ हेल्थ) मिनियनवर महागडा रिमूव्हल टाकायचा आणि आठव्याला येणाऱ्या राक्षसापुढे रिकाम्या हाताने बसायचं, ही नव्या कंट्रोल खेळाडूची ठरलेली चूक. शक्य असेल तिथे एकेकाला मारण्यापेक्षा दोन मार सोसून बोर्ड साफ करणारं कार्ड वापरा. हेल्थ ही पण खर्च करायचीच गोष्ट आहे. ३० पैकी शेवटची १ उरली तरी डाव तुमचाच.

हात १० कार्डांनी भरला की अकरावं जळतं. डेक संपला की फटीगचा मार बसतो: पहिल्यांदा १, मग २, मग ३ असा चढत्या भाजणीने. वॉरलॉकसारख्या कार्ड ओढणाऱ्या हिरो पॉवरच्या क्लासने कंट्रोल खेळताना कंट्रोलविरुद्धच्या डावात कमी ओढावं लागतं, हे अनेकांच्या फार उशिरा लक्षात येतं. वॉरियरला ती अडचण नाही. दर टर्नला २ आर्मर घेत तो मजेत बसतो. आणि टर्नची ७५ सेकंदं कंट्रोलमध्येच सगळ्यात आधी संपतात. दोरी (वेळ संपत आल्याची खूण) जळायला लागल्यावर विचार सुरू करू नका, समोरच्याच्या टर्नमध्येच ठरवून ठेवा. मोबाइलवर लोकलमध्ये खेळणाऱ्यांनी याचा वेगळा विचार करावा. नेटवर्क गेलं तर डावात परत शिरता येतं, पण घड्याळ थांबत नाही. सहा मिनिटांचा डाव दोन स्टेशनांत आटोपतो. बारा-पंधरा मिनिटांच्या डावात कुठे ना कुठे रेंज जातेच.

कॉम्बोबद्दल, म्हणजे ठरावीक कार्डं जुळवून जिंकणाऱ्या डेकबद्दल, मत जरा कडक आहे: पहिल्या चढाईला नको. सगळा डाव एका एकुलत्या लेजेंडरीवर अवलंबून असेल आणि तुम्ही पहिल्या क्रमाने खेळत असाल, तर मलिगनमध्ये (सुरुवातीची कार्डं बदलण्याच्या संधीत) तिन्ही कार्डं बदलूनही ती सुरुवातीच्या हातात येण्याची शक्यता २० टक्के. आठव्या टर्नपर्यंत, जादा कार्डं न ओढता, सुमारे ४४ टक्के. दोन एकुलती कार्डं जुळायला हवी असतील तर आठव्या टर्नपर्यंत पाचात एकदाही नाही. त्यामुळे कॉम्बो डेक म्हणजे मुळात कार्ड ओढण्याचा डेक. त्यात 'आत्ता ओढू की वाचू' हा प्रश्न दर टर्नला पडतो, आणि चुकलेलं उत्तर चार टर्नांनी कळतं, तेव्हा चूक कुठे झाली ते आठवतही नाही. जोडीला मुकाबले टोकाचे: कंट्रोलला सहज मारतो, अ‍ॅग्रोपुढे गुदमरतो. तुमच्या वेळेला लॅडरवर कंट्रोल भरलेले असतील तरच काढा.

मलिगनचा आकडा अ‍ॅग्रोवाल्यांनाही उपयोगी. डेकमध्ये दोन प्रती असलेलं पहिल्या टर्नचं कार्ड, त्याच्यासाठी बाकी सगळं बदललं, तर पहिल्या क्रमाने सुमारे ३७ टक्के वेळा मिळतं, दुसऱ्या क्रमाने ४ कार्डं असल्यामुळे ४७ टक्के. म्हणून एका मिनियनच्या दोन प्रतींवर भिस्त ठेवू नका. पहिल्या टर्नला खेळता येईल असं काहीतरी हवंच असेल तर १ मॅनाची निदान सहा-सात कार्डं डेकमध्ये हवीत. ३ मॅनाचं चांगलं कार्ड हातात आहे म्हणून ठेवायचं आणि पहिले दोन टर्न बघत बसायचं, यापेक्षा ते बदललेलं बरं.

मधल्या वाटेचा मिडरेंज या सगळ्यात कुठे? बोर्डावर चौथ्या-पाचव्या टर्नला जड मिनियन आणून दामटणारा डेक डस्टला मध्यम, वेळेलाही मध्यम, आणि टोकाच्या वाईट मुकाबल्यांपासून बराचसा सुरक्षित. मेटा काय आहे ते समजत नसेल तेव्हा हाच घ्या.

फक्त अलीकडचे संच चालणारा स्टँडर्ड की सगळे चालणारा वाइल्ड, याला थोडक्यात: दर वर्षी वसंतात एका जुन्या वर्षाचे संच स्टँडर्डमधून बाहेर पडतात. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत त्या जाणाऱ्या संचांची लेजेंडरी क्राफ्ट करणं म्हणजे दोन महिन्यांसाठी १६०० डस्ट. वाइल्डमध्ये संच जुना झाला म्हणून कार्ड बाद होत नाही, पण जुनी महागडी कार्डं आधी जमवावी लागतात. आणि संग्रह एका रीजनचा दुसऱ्यात जात नाही, तेव्हा रीजन आधीच पक्का करा.

क्राफ्ट करण्याची वेळही चुकते. नवा संच आल्यावर पहिल्या आठवड्यातल्या याद्या भाबड्या असतात. ज्या डेकने सोमवारी सगळ्यांना झोडपलं तो पुढच्या सोमवारी मार खातो. थांबा, आणि पहिला नर्फ (कार्ड दुबळं करणारा बदल) होऊ द्या. नर्फ झालेलं कार्ड ठरावीक मुदतीत मोडलं तर पूर्ण डस्ट परत मिळतं, पण त्या कार्डाच्या आधाराने बनवलेली बाकी २९ कार्डं तशीच पडून राहतात. त्यांचं काय?

आकडेवारी पाहताना एचएसरिप्लेसारख्या आकडेवारीच्या साइटवर रँकची गाळणी लावा. ब्राँझ ते गोल्डचा विनरेट डायमंडला काही सांगत नाही. अशा साइटवरचे आकडे ट्रॅकर (डावांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) लावून खेळणाऱ्यांचे असतात, आणि ट्रॅकर लावणारा साधारणपणे खेळाकडे गांभीर्यानेच बघतो. त्यात ५६ लिहिलेलं असेल तर स्वतःसाठी ५३ धरून वरचा तक्ता वाचा.

शेवटी डेक बदलण्याचा मोह. खऱ्या ५५ टक्क्यांच्या डेकनेही २० डावांत ८ किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता १३ टक्के आहे, म्हणजे आठ वेळांत एकदा हे होणारच. तेवढ्यावर डेक टाकून नवा उचलला तर त्याच्या शिकण्याचे पहिले २०-३० डाव पुन्हा डायमंडमध्येच जळतात. सलग तीन हरलात तर डेक तोच ठेवा आणि फोन बाजूला ठेवा. बदलायचाच तर ५० डावांनंतर, आणि तोही एकाच क्लासचा प्रतिस्पर्धी पुन्हापुन्हा समोर येतोय असं नोंदीत दिसलं तर. त्याआधी दोन कार्डं बदलून बघा. बोर्ड साफ करणारे डेक सारखे भेटत असतील तर अ‍ॅग्रोमधले दोन मिनियन काढून दोन थेट डॅमेजची कार्डं घातली की बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागतं.