लिचेसची ‘स्टडी’: एका डावावरून केलेलं परीक्षण

लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर डाव खेळणारी मुलं आता गल्लोगल्ली आहेत, पण तिथल्या ‘स्टडी’ या भागाकडे आपल्याकडचे शिक्षक आणि पालक फारसे वळत नाहीत. बुद्धिबळ शिकवणाऱ्या माणसासाठी त्या संकेतस्थळावरची सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे, असं माझं ठाम मत आहे. मी सांगलीत शाळेत गणित शिकवते आणि शनिवारी दुपारी पाचवी ते आठवीच्या मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग घेते. त्यामुळे हे परीक्षण शिकवणारीच्या नजरेतून आहे. आणि ते मी एकाच डावाच्या आधारानं लिहिते आहे, कारण स्टडीची खरी ताकद मला हा डाव मांडताना दिसली.

डाव २००३ सालचा, स्पेनमधल्या लिनारेसचा. पांढऱ्या मोहऱ्यांनी गॅरी कास्पारोव्ह, काळ्या मोहऱ्यांनी तैमूर रादजाबोव्ह. कास्पारोव्हचं जगज्जेतेपद २००० साली क्रामनिककडे गेलं होतं, तरी गुणांकनात पहिला तोच होता आणि त्याच्या हल्ल्याची धास्ती तशीच होती. समोरचा मुलगा १५ वर्षांचा. दोघांचा जन्म एकाच गावातला, अझरबैजानमधल्या बाकूचा. गुणांकनात दोनशेहून जास्त गुणांचा फरक. सात जणांची दुहेरी साखळी स्पर्धा होती, म्हणजे प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन डाव. लेको आणि क्रामनिक ७ गुणांवर बरोबरीत राहिले, आपला आनंद आणि कास्पारोव्ह साडेसहावर. रादजाबोव्ह साडेचार गुणांसह अगदी तळाला. तळाला राहिलेल्या त्या मुलानं काळ्या मोहऱ्यांनी कास्पारोव्हला हरवलं, ही गोष्ट सांगितली की वर्गातली चुळबुळ थांबते.

स्टडी म्हणजे एक वही आणि तिच्यात प्रकरणं. एका स्टडीत ६४ प्रकरणांपर्यंत जाता येतं. प्रत्येक प्रकरणात डाव पीजीएनमधून (डावाच्या खेळ्या लिहून ठेवलेल्या मजकुरातून) चिकटवायचा, किंवा पटावर मोहरे मांडून हवी ती स्थिती तयार करायची. खेळीला उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह देता येतं, शेजारी मजकूर लिहिता येतो, पटावर रंगीत बाण आणि वर्तुळं काढता येतात. मजकूर देवनागरीत लिहिला तर तो तसाच दिसतो. माझी सगळी टिपणं मराठीत आहेत आणि माझ्या दृष्टीनं हा फार मोठा फायदा आहे. इंग्रजी वाचताना अडखळणाऱ्या मुलाची अर्धी शक्ती भाषेतच खर्च होते, पटापर्यंत तो थकून पोचतो.

पहिल्या प्रकरणात मी कास्पारोव्हचाच विजय ठेवला आहे: १९९९ साली नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथं बल्गेरियाच्या टोपालोव्हविरुद्धचा, २४व्या खेळीला हत्तीचा बळी देऊन टोपालोव्हचा राजा पटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलेला. हल्ला करणारा खेळाडू म्हणजे काय, हे आधी डोळ्यांनी पाहायला हवं. नाहीतर लिनारेसच्या डावातल्या त्या मुलानं काय पेललं ते कळतच नाही.

दुसऱ्या प्रकरणात लिनारेसचा डाव. सुरुवात फ्रेंच बचाव या नावाची. (पुढे घरांची नावं येतील: उभ्या रांगा ए ते एच, आडव्या पांढऱ्याच्या बाजूनं १ ते ८.) अकराव्या खेळीला पांढऱ्यानं जी-प्यादं दोन घरं पुढे ढकललं आणि चौदाव्याला एफ-प्यादंही पुढे गेलं, म्हणजे राजा अजून मधेच उभा असताना त्याच्यासमोरचं कुंपण मोडून हल्ला. काळ्यानं एकोणिसाव्या खेळीला वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजा आडोशाला नेला. एकविसाव्याला पांढऱ्याचा उंट ई२ वर आला आणि जी४ वरच्या काळ्या घोड्यावर रोखला गेला. इथे मी डाव थांबवते.

इथेच स्टडीचा खरा उपयोग सुरू होतो. प्रकरण तयार करताना त्याचा प्रकार निवडता येतो. साधा प्रकार आहे, संगणकाशी सरावाचा आहे, पुढच्या खेळ्या झाकणारा आहे, आणि चौथा परस्परसंवादी धड्याचा. मी चौथा घेते. पट काळ्याच्या बाजूनं फिरवायचा आणि मुलानं खेळी स्वतः शोधायची. खेळी चुकली तर मी आधीच लिहून ठेवलेलं स्पष्टीकरण त्याच्यासमोर येतं, बरोबर आली तर डाव पुढे सरकतो. सूचनाही लिहून ठेवता येते, हवी असेल त्यालाच ती दिसते. बहुतेक मुलं घोडा एच६ वर मागे घेतात. त्या खेळीला मी वेगळी शाखा, म्हणजे डावाची दुसरी वाट, काढून लिहिलं आहे: ‘एफ४ वरच्या उंटाची तिरकी रेघ बघ. ती कुठपर्यंत जाते?’ उत्तर सांगितलेलं नाही, फक्त बघायला लावलं आहे. मूल स्वतः म्हणतं, ‘बाई, उंट मारतो तिथे.’

रादजाबोव्हनं घोडा मागे घेतलाच नाही. त्यानं त्याच घोड्यानं ई५ वरचं प्यादं मारलं. घोडा देऊन एक प्यादं! डी४ वरचं प्यादं त्याला मारू शकत होतं, एफ४ वरचा उंटही मारू शकत होता. मग का? हे समजावायला मला बाणांचा फार उपयोग झाला. काळा वजीर बी६ वर आहे. त्याच्यापासून जी१ पर्यंत मी हिरवा बाण काढते आणि डी४ च्या प्याद्याभोवती लाल वर्तुळ. ते प्यादं जागचं हललं की सी५, डी४, ई३, एफ२ अशी सगळी रेघ उघडी पडते. वजिराची नजर थेट जी१ वर जाते आणि पांढऱ्याचा राजा लहान बाजूला कॅसलिंग करूच शकत नाही, कारण राजाला शहाच्या घरात जाता येत नाही. काळ्याच्या उंटालाही सी५ मोकळं होतं. हे मी फळ्यावर कितीदा तोंडी सांगितलं असेल, पण बाण आणि वर्तुळ एकत्र दिसलं की मुलांच्या चेहऱ्यावर पटकन उजेड पडतो.

कास्पारोव्हनं घोडा मारला नाही. वजीर ई३ वर आणला, मग ई६ चं प्यादं घेतलं, आणि काळ्याचा उंट एच४ वर येऊन जी३ वरचा घोडा राजासमोर जखडून बसला, म्हणजे तो हलला तर राजाला शह. पुढच्या खेळ्या मी वर्गात भराभर नेते. सत्ताविसाव्या खेळीला काळ्या घोड्याचा बी३ वरून शह, मग काळ्या उंटानं जी३ वरचा तो घोडा मारला, आणि ३९व्या खेळीनंतर कास्पारोव्हनं डाव सोडला.

स्पर्धेतला सर्वांत सुंदर डाव म्हणून पत्रकारांनी हाच निवडला आणि कास्पारोव्हनं समारोपातच त्यावर जाहीर नाराजी दाखवली. मला पत्रकारांचं पटतं. डाव निर्दोष होता म्हणून नव्हे. सगळ्यात भीतिदायक खेळाडू समोर बसलेला असताना पंधरा वर्षांच्या पोरानं माघार घ्यायच्या जागी पुढे पाऊल टाकलं, आणि ते पाऊल नीट विचार करून टाकलेलं होतं. मुलांना शिकवावं असं याहून जास्त दुसऱ्या कुठल्या डावात आहे, मला माहीत नाही.

आता एक गोष्ट मी प्रत्येक शिक्षकाला कळकळीनं सांगेन. स्टडीच्या सेटिंगमध्ये संगणकी विश्लेषण कोणाला दिसावं हे ठरवता येतं. ते आधी बंद करा. स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणकी प्रोग्रॅम, अफाट ताकदीचं आहे, पण ते चालू असलं की मूल पटाकडे न बघता बाजूच्या आकड्याकडे बघतं. ‘अधिक किती, उणे किती’ एवढंच वाचतं आणि विचार तिथेच संपतो. एकविसाव्या खेळीवर स्वतः डोकं घातल्यावर, चुका करून झाल्यावर, शेवटी मी इंजिन उघडते. तेव्हा मुलं त्याच्याशी भांडतात, ते मला हवं असतं.

घरून शिकवणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. मुलांना त्यांच्या खात्याच्या नावानं सदस्य करून घेतलं की मी पटावर केलेली खेळी सगळ्यांच्या पडद्यावर त्याच क्षणी दिसते. एखाद्याला स्वतंत्रपणे पाहायचं असेल तर त्याला ती जोडणी सोडता येते. स्टडी सार्वजनिक ठेवायची, फक्त दुवा असणाऱ्यांना दाखवायची की निमंत्रितांपुरती, हेही हातात असतं. मी वर्गाच्या स्टडी निमंत्रितांपुरत्याच ठेवते. पालकांनी मुलांच्या खात्यावर ‘किड मोड’ जरूर चालू करावा, त्यात गप्पा आणि निरोप सगळे बंद होतात.

सार्वजनिक स्टडी मात्र डोळे झाकून घेऊ नका. कोणीही स्टडी बनवू शकतं, त्यामुळे उत्तम आणि उथळ शेजारी शेजारी असतात. आधी स्वतः पूर्ण बघावी, मग मुलांना द्यावी. आणि धडा तयार करायला वेळ लागतो, हे धरूनच चाला. चुकीच्या खेळ्यांची स्पष्टीकरणं लिहिण्यातच सगळं शिकवणं असतं, ते काम कोणी आपल्यासाठी करून देत नाही. मोठ्या पडद्यावर बसूनच ते करा. छोट्या फोनवर बाण काढणं आणि शाखा लिहिणं बोटांना जड जातं.

पैशांचं सांगायचं तर, यातलं काहीही विकत घ्यावं लागत नाही. थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २०१० मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ आज ना-नफा संस्था चालवते, देणग्यांवर. जाहिराती नाहीत, आणि देणगी देणाऱ्याला नावापुढे पंखांचं चिन्ह मिळतं, पण जास्तीची एकही सोय मिळत नाही. कुपवाडच्या भाड्याच्या खोलीतून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला जे मिळतं, तेच मोठ्या ग्रँडमास्टरला. ज्यांना परवडतं त्यांनी वर्षातून थोडी रक्कम जरूर पाठवावी. मी पाठवते.

लिनारेसचा डाव शिकवून झाला की मी मुलांना एक गृहपाठ देते: स्वतःच्या हरलेल्या एका डावाचं प्रकरण बनवायचं, इंजिन बंद ठेवून, आणि जिथे घोडा मागे घेतला तिथे दुसरी शाखा लिहायची.