लिटल वॉल्टरची बारा गाणी: आधी दुसरी बाजू लावा

लिटल वॉल्टर हा अमेरिकेतला ब्लूजचा माउथ ऑर्गनवाला आणि गायक; ब्लूज म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं जुनं संगीत. त्याच्या आधी सुट्या निघालेल्या गाण्यांची ‘द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर’ ही एलपी शिकागोच्या चेस कंपनीने १९५८ साली काढली. बारा गाणी, मोनो रेकॉर्डिंग, दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाच्या जरा पुढे. तेव्हापासून ती या ना त्या रूपात मिळत आली आहे: नव्याने छापलेली एलपी, सीडी, आता स्ट्रीमिंग. ब्लूज ढंगाचा माउथ ऑर्गन शिकायचा म्हणणाऱ्याला जाणकार बहुतेक वेळा हीच रेकॉर्ड सांगतात, आणि बरोबरच सांगतात. माझी तक्रार आहे ती गाण्यांच्या क्रमाबद्दल. पहिली बाजू नंतर ऐका, आधी दुसरी लावा.

पहिल्या बाजूला सुरुवातीलाच ‘माय बेब’ आहे, १९५५ सालचं. घासूनपुसून लख्ख केलेलं, धंद्याच्या दृष्टीने चोख गाणं. कंपनीने ते पुढे ठेवलं यात नवल नाही, दुकानात गिऱ्हाईक तेच मागणार. पण हा माणूस नेमकं काय करून गेला हे ज्याला ऐकायचं आहे त्याने ‘ज्यूक’पासून निघावं. आणि ‘ज्यूक’ आहे दुसऱ्या बाजूच्या तोंडाशी.

१२ मे १९५२ या दिवशी शिकागोतला ब्लूज गायक आणि गिटारवाला मडी वॉटर्स याच्या बँडचं रेकॉर्डिंग होतं. बँडमधला माउथ ऑर्गनवाला वॉल्टर जेकब्स, म्हणजेच आपला लिटल वॉल्टर, तेव्हा बावीस वर्षांचा. कार्यक्रमात वाजवायची एक बिनशब्दांची धून या मंडळींकडे होती, ती त्या दिवशी त्याच्या नावावर रेकॉर्ड झाली. मागे मडी आणि जिमी रॉजर्स यांच्या दोन गिटार, शिवाय एल्गिन एव्हन्सचे ड्रम. सुरुवातीचा तुकडा नीट ऐका. माउथ ऑर्गन पायरी पायरीने वर चढतो, वरच्या सुरावर टेकतो, पुन्हा खालून तेच. घाई कुठेच नाही, उलट ठेक्याच्या किंचित मागे रेलून वाजवल्याचा भास होतो. मग बारा बारांचं (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं) एकेक आवर्तन जसं सरतं तसा तो नवीन काही तरी काढत जातो, मध्येच बँडला थांबवून एकटा बोलतो, आणि पावणेतीन मिनिटांत सगळं आवरतं. ही धून अमेरिकेतल्या आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज) लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. निव्वळ माउथ ऑर्गनची धून त्या यादीच्या शिखरावर गेल्याचं हे एकमेव उदाहरण आहे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा आवाज माउथ ऑर्गनचा वाटतच नाही. सॅक्सोफोन आहे का, असं विचारणारे मला भेटले आहेत, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही. वॉल्टरच्या कानात लुई जॉर्डनचा सॅक्सोफोन होताच. त्याची करामत अशी: सभेत भाषणाला वापरतात तसला माइक आणि माउथ ऑर्गन दोन्ही एकाच ओंजळीत धरायचे, ओंजळ हवा निसटणार नाही इतकी बंद करायची आणि माइकची वायर अॅम्प्लिफायरला जोडायची. अॅम्पला झेपेल त्याहून जास्त आवाज आत गेला की सूर जाड होतो, कडांना फाटतो, गुरगुरतो. ओंजळ किंचित उघडली की तोच सूर एकदम मोकळा. माइक त्याच्याआधीही काहींनी वापरला होता, पण तो आवाज लांब पोचावा म्हणून. वॉल्टरने अॅम्प हा वाद्याचाच भाग केला. माझ्या मते त्याची सगळी थोरवी या एका गोष्टीत आहे, आणि ही रेकॉर्ड घ्यायची ती यासाठीच.

वाजवणाऱ्यांसाठी थोडं तपशिलात. साधा दहा भोकांचा माउथ ऑर्गन, आत हवेने थरथरणाऱ्या वीस पत्त्या. ‘ज्यूक’ ई पट्टीत आहे, पण हातातला माउथ ऑर्गन ए पट्टीचा. ब्लूजवाले असंच उलट वाजवतात, कारण त्यामुळे महत्त्वाचे सूर फुंकेऐवजी श्वास आत ओढताना येतात आणि ओढीचे खालचे सूर मींड घेतल्यासारखे खाली वाकवता येतात. त्यात वॉल्टर जीभ मधल्या भोकांवर दाबून दोन्ही कडांनी एकाच वेळी दोन सूर काढायचा, म्हणून त्याचा एकट्याचा आवाज भरलेला वाटतो. मीही हौशी वाजवणारा. ‘ज्यूक’चा पहिला तुकडा हाताखाली यायला वेळ लागत नाही, तो त्या संथपणे वाजवायला मात्र लागतो.

हे सगळं तो शिकला कुठे? शाळेत नक्की नाही. १ मे १९३० रोजी लुइझियानातल्या मार्क्सव्हिल इथे जन्म, पूर्ण नाव मॅरियन वॉल्टर जेकब्स. बाराएक वर्षांचा असताना घर सोडलं. न्यू ऑर्लिन्स, आर्कन्सॉतलं हेलेना, मेम्फिस, सेंट लुई असं भटकत, रस्त्यावर आणि गुत्त्यांत वाजवत, १९४०च्या दशकाच्या मध्यावर शिकागोला पोचला. तिथे मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार भरायचा, आणि दक्षिणेतून आलेले सगळे कलावंत तिथे फुटपाथवर उभे राहून वाजवायचे. त्याच रस्त्यावर रेडिओ आणि रेकॉर्डचं एक दुकान होतं, त्याच्या मालकाने ओरा नेल नावाचं छोटं लेबल काढलं होतं. १९४७ साली वॉल्टरची पहिली रेकॉर्ड त्या लेबलवर आली. त्यावर अॅम्प नाही, उघडाच माउथ ऑर्गन आहे, आणि पहिल्या सनी बॉय विल्यमसनची (या नावाचे दोन माउथ ऑर्गनवाले होते) छाप स्पष्ट ऐकू येते. पुढच्या वर्षी तो मडी वॉटर्सकडे लागला. गोंगाटाने भरलेल्या क्लबात, विजेच्या दोन गिटारींपुढे, उघडा माउथ ऑर्गन किती टिकणार? अॅम्प त्याची गरज होती. त्या गरजेतून पुढे तो काय करत गेला, हे या बारा गाण्यांत पदोपदी ऐकू येतं.

‘ज्यूक’ गाजली तेव्हा मडीचा बँड दक्षिणेच्या दौऱ्यावर होता. वॉल्टर दौरा अर्धवट टाकून शिकागोला परतला. तिथे ‘एसेस’ नावाचा बँड होता, त्यांचा माउथ ऑर्गनवाला ज्युनियर वेल्स. वेल्स गेला मडीकडे, वॉल्टरने एसेस घेतले. अशी सरळ अदलाबदल! पण वॉल्टरला सापडला तो खजिनाच: लुई आणि डेव्ह मायर्स हे गिटारवाले भाऊ, आणि फ्रेड बिलो हा ड्रमवाला, जॅझच्या तालमीत तयार झालेला. ‘ज्यूक’नंतर लगेच ‘सॅड अवर्स’ लावलंत तर फरक कळेल. गिटार आता एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, एक खालून बेस धरते, आणि बिलोचा हात इतका हलका की ताल तुम्हाला ढकलत नाही, उचलतो. ‘ऑफ द वॉल’मध्ये तर तो आणि वॉल्टर एकमेकांना टाळ्या द्याव्यात तसे वाजवतात.

दुसऱ्या बाजूचं खरं रत्न मात्र ‘ब्लू लाइट्स’. हे कधी यादीत चढलं नाही. ‘यू बेटर वॉच युवरसेल्फ’च्या सुट्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेली धून. संकलनात दहा गाणी पहिल्या दहात पोचलेली आहेत आणि दोन अशी मागच्या बाजूची, त्यांतलं हे एक. लय अगदी विलंबित. आवाजाला भरपूर घुमारा दिला आहे. वॉल्टर एकाहून जास्त माउथ ऑर्गन वापरतो, त्यात बटणवाला क्रोमॅटिकही येतो, आणि प्रत्येक बदलाबरोबर खोलीचा आकारच बदलल्यासारखा वाटतो. एक सूर तो धरून ठेवतो, हाताने थरथरवतो, मग चक्क सोडून देतो आणि घुमाऱ्याला त्याचं काम करू देतो. गप्प कधी बसायचं हे कळणारे वाजवणारे थोडे. बाविसाव्या वर्षी जो वरून खालपर्यंत पळत होता तो दोनेक वर्षांत इतका शांत कसा झाला, मला कोडं आहे.

आता पहिली बाजू. ‘लास्ट नाइट’ ऐका आणि त्याच्या गळ्याकडे लक्ष द्या. माउथ ऑर्गनच्या नादात लोक विसरतात की हा उत्तम गायचा. जिवलग माणूस गमावल्याचं गाणं आहे, आवाज थोडा कोरडा, कुठेही रडारड नाही, आणि दोन ओळींच्या मध्ये माउथ ऑर्गन तेच वाक्य पुरं करतो. ‘ब्लूज विथ अ फीलिंग’मध्येही हेच, पण तिथे वाद्याचा तुकडा जास्त धारदार आहे. ‘माय बेब’ चेसचा गीतकार विली डिक्सनने एका जुन्या भजनाच्या चालीवर बेतलं, आणि तेही पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं झकास आहे, मात्र माउथ ऑर्गनला त्यात वाव बेताचा. डिक्सनच्या गाण्यात डिक्सनच मोठा दिसतो, असं माझं मत. वाद घालणारे खुशाल घालोत. ‘यू आर सो फाइन’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘टेल मी मामा’ चांगली आहेत, मी त्यांच्यावर रेंगाळत नाही.

उणिवा सांगायलाच हव्यात. नावात ‘बेस्ट’ आहे, पण सगळी गाणी १९५२ ते १९५५ मधली. ‘रोलर कोस्टर’ नाही, ज्यात बो डिडली गिटारवर आहे. ‘मेलो डाउन ईझी’ नाही. मडीच्या बँडमधलं कामही नाही, आणि ते थोडंथोडकं नव्हतं: बँड सोडल्यावरही मडीच्या रेकॉर्डिंगला चेसवाले वॉल्टरलाच बोलवत. स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याला तर कोण काय वाजवतंय याचा बहुतेक वेळा पत्ताच लागत नाही. एलपी घेणार असाल तर मोनो असं स्पष्ट लिहिलेलीच घ्या. जुन्या काळी मोनो रेकॉर्डिंगं ओढूनताणून स्टिरिओ करून विकायची टूम होती, त्यात हा जाड आवाज पाणी घातलेल्या ताकासारखा होतो.

एलपी निघाली त्याच वर्षी वॉल्टरचं ‘की टू द हायवे’ यादीत चढलं, आणि पहिल्या दहातलं ते त्याचं शेवटचं गाणं ठरलं. १९५२पासून सहा वर्षांत अशी चौदा गाणी. पुढची दहा वर्षं उताराची. दारू, तापट डोकं, हातघाईवर येण्याची सवय, आणि बदललेली लोकांची आवड. १९६४ आणि १९६७ साली तो युरोपात वाजवून आला. दुसऱ्या दौऱ्यातलं चित्रीकरण पाहायला मिळतं, हाउंड डॉग टेलर आणि कोको टेलर यांच्यासोबतचं. वाजवणं नेटकं आहे, पण १९५४ सालचा दम नाही. फेब्रुवारी १९६८मध्ये शिकागोच्या साउथ साइडला एका क्लबात मध्यंतरात मारामारी झाली, आणि १५ तारखेला तो झोपेतच गेला. वय सदतीस. थडग्यावर नाव लागायला १९९१ साल उजाडलं, तेही चाहत्यांनी पदरमोड करून लावलं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने २००८ साली त्याला घेतलं ते साथीदारांच्या विभागात. चौदा गाणी स्वतःच्या नावावर गाजवलेल्या माणसाला साथीदार म्हणायचं, तर म्हणोत बापडे.

तर घ्यावी का? माउथ ऑर्गन वाजवत असाल तर विचारूच नका. नुसते ऐकणारे असाल आणि ब्लूज म्हणजे गिटार असा समज असेल, तरी घ्या. स्पीकर बरा हवा. मोबाइलच्या स्पीकरवर ओंजळीचं उघडझाप करणं ऐकू येत नाही. ही संपली की चेसचंच १९६९ सालचं ‘हेट टू सी यू गो’ शोधा. तिथे ‘रोलर कोस्टर’ आणि ‘की टू द हायवे’ आहेत, आणि ‘ब्लू अँड लोनसम’ही, ज्याचं नाव रोलिंग स्टोन्सनी २०१६ साली आपल्या आख्ख्या अल्बमला दिलं.