मे, माइट, कुड की कॅन: शक्यता सांगताना कोणतं घ्यावं?

'उद्या पाऊस पडू शकतो' हे इंग्रजीत सांगायचं म्हटलं की आपल्याकडे अनेकांच्या तोंडी 'इट कॅन रेन टुमॉरो' येतं. 'शकणे' म्हणजे 'कॅन' हे शाळेतच पक्कं बसलेलं असतं. इंग्रजीत वाढलेला माणूस इथे कॅन वापरत नाही. तो मे, माइट किंवा कुड यांतलं एक उचलतो. कॅन त्याच्याकडे राखीव असतं ते एरवी घडू शकणाऱ्या गोष्टींसाठी. लंडनला एप्रिलमध्येही बर्फ पडतो कधीकधी, तिथे 'इट कॅन स्नो इन एप्रिल' अगदी बरोबर. उद्याचा, परवाचा, ठरावीक अंदाज आला की कॅन बाद.

उरलेल्या तिघांत कोणतं? मे म्हणजे जास्त शक्यता, माइट म्हणजे कमी, असं शिकवलं जातं. माझ्या मते त्यावर फार डोकं खपवू नये. रोजच्या बोलण्यात ही तिन्ही सर्रास एकमेकांच्या जागी येतात, आणि वजन वाढवायचं असेल तर 'इट माइट वेल रेन' असा 'वेल' घालतात. खरा फरक आहे तो थाटाचा. मे लेखी, जरा औपचारिक. औषधाच्या वेष्टनावर 'मे कॉज ड्राउझिनेस' असतं ते त्यामुळेच. गप्पांत माइट आणि कुड सहज येतात. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी 1961 आणि 1991 मधल्या ब्रिटिश लेखनाचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा मे मागे पडलेलं दिसलं. कॅन आणि कुड मात्र टिकून होती.

मेची आणखी एक अडचण आहे. ते परवानगीही देतं. 'स्टाफ मे लीव्ह अर्ली' हा अंदाज की सूट? सूचनापत्रात असं वाक्य गेलं की चारला ऑफिस रिकामं. आयएसओच्या मानकांच्या लेखननियमांत म्हणूनच वाटणी केलेली आहे: परवानगीला मे, शक्यतेला कॅन. तांत्रिक दस्तऐवज लिहिणाऱ्यांनी तीच पाळावी, बाकीच्यांनी अशा ठिकाणी माइट घ्यावं.

प्रश्नात मे नको, 'कुड इट बी ट्रू?' असंच विचारतात.

निवड खरी महत्त्वाची ठरते ती नकारात. 'ही माइट नॉट बी ॲट होम' म्हणजे तो घरी नसेलही. 'ही कान्ट बी ॲट होम' म्हणजे तो घरी असूच शकत नाही. 'कुडन्ट बी'ही याच बाजूचं. होकारात जोडीनं फिरणारे माइट आणि कुड इथे दोन टोकांना जातात. 'पेमेंट मे नॉट रीच टुडे' वाचून समोरचा संध्याकाळपर्यंत वाट पाहील. 'कॅनॉट रीच टुडे' वाचून तो थेट फोन लावेल.

भूतकाळातही सावध राहावं. 'शी मे हॅव मिस्ड द ट्रेन' म्हणजे चुकली असेल, आपल्याला ठाऊक नाही. माइट हॅवही इथे चालतं. पण 'शी कुड हॅव कॉट द ट्रेन' यात बहुधा गाडी मिळाली असती, पण मिळाली नाही, असा सूर लागतो. आणि 'यू माइट हॅव टोल्ड मी' किंवा 'यू कुड हॅव टोल्ड मी' हा तर सरळ टोमणा: सांगायचं होतंस की!

परदेशी क्लायंटला मेल लिहिणाऱ्यांसाठी एक खास मुद्दा. 'आम्हाला बग दुरुस्त करता आला' हे आपण 'वी कुड फिक्स द बग' असं लिहितो. क्लायंट वाचतो: हवं तर आम्ही दुरुस्त करू शकू. मग उलट मेल येतो की, कधी करणार? एकदाच घडलेल्या, साधलेल्या कामासाठी 'वी वेअर एबल टू' किंवा 'वी मॅनेज्ड टू' लिहावं. त्याहून बरं म्हणजे साधं 'वी फिक्स्ड द बग'. नकारात मात्र 'वी कुडन्ट फिक्स इट' बिनधास्त चालतं.