व्हिडिओचा आवाज 'करप्ट' झाला म्हणून साडेचार हजार घेतले, सावध राहा

सेलूच्या काकांच्या मुलीचं लग्न झालं, शूटिंग घरच्याच जुन्या हँडीकॅमवर. नंतर नव्या लॅपटॉपवर लावलं तर चित्र दिसायलंय पण आवाजच येईना. त्यात हळदीला आजीनं म्हणलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, त्यामुळं काका लई घाबरले आणि कार्ड घेऊन परभणीला एका दुकानात गेले.

तिथला माणूस म्हणला, "काका, आवाजाचा ट्रॅक पूर्ण करप्ट झालाय, पुण्याच्या लॅबला पाठवावं लागल, आज नाही दिलं तर चित्र पण जाईल." हे 'आज नाही दिलं तर' नीट लक्षात ठेवा, माणूस घाबरतो तो इथंच. साडेचार हजार रोख घेतले, पावती नाही, पेनड्राइव्हचे पैसे वेगळे. परत मिळालं तेव्हा आवाज होता पण चेहरे सगळे फिसकटलेले, कार्डावर ११ जीबीचं शूटिंग होतं आणि पेनड्राइव्हवर सगळं मिळून ९०० एमबी. वरून कार्ड फॉरमॅट करून दिलेलं! विचारलं तर म्हणे लॅबची प्रोसेसच तशी असती.

हळदीची एक क्लिप पहिल्याच दिवशी लॅपटॉपवर कॉपी केलेली होती म्हणून खरं काय ते कळलं. नांदेडला माझा एक मित्र लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, त्याच्याकडं ती नेली. त्यानं क्लिप व्हीएलसी ह्या व्हिडिओ प्लेयरमध्ये टाकली आणि आजीचा आवाज खणखणीत सुरू झाला, मला तर रडूच आलं आणि त्या दुकानदाराचा संतापही. मग त्यानं कंट्रोल आणि जे दाबून कोडेकची, म्हणजे आवाज-चित्र साठवायच्या आणि वाजवायच्या पद्धतीची, माहिती उघडली, तिथं आवाजापुढं एसी-३ (आवाज साठवायचा एक प्रकार) लिहिलेलं. म्हणजे फाइलला काहीच झालेलं नव्हतं. असे हँडीकॅम एव्हीसीएचडीत शूट करतात, सोनी आणि पॅनासॉनिकनं २००६ ला आणलेला फॉरमॅट, त्यात आवाज बहुतेक एसी-३ असतो, आणि काही नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये, बऱ्याच फोनमध्ये तो वाजवायची सोयच नसती. व्हीएलसी फुकट आहे आणि स्वतःचे कोडेक घेऊन येतं. कायमचं करायचं तर एफएफएमपेग ह्या सॉफ्टवेअरनं चित्र जसंच्या तसं कॉपी करायचं आणि फक्त आवाज एएसी ह्या दुसऱ्या प्रकारात करायचा, मित्रानं समोर बसून केलं, चहा संपायच्या आत झालं, चित्राला धक्का नाही.

आवाज चित्राच्या पुढंमागं होत असला तरी लगेच दुकानात पळू नका, व्हीएलसीत जे आणि के दाबलं की आवाज ५० मिलिसेकंदानं सरकतो. फोनच्या शूटिंगमध्ये सुरुवातीला बरोबर आणि शेवटी घसरत जात असंल तर बऱ्याचदा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) कमीजास्त होत असतो, हँडब्रेक ह्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (एकसारखा) निवडून फाइल परत बनवा.

आणि द्यायचंच झालं तर कॉपी द्या, मूळ कार्ड कुणाच्याच हातात देऊ नका. फॉरमॅट झालं असंल तर त्यावर परत काही शूट करू नका, आम्ही फोटोरेक ह्या पुसलेल्या फाइल शोधायच्या सॉफ्टवेअरनं शोधायलोत, थोड्या क्लिप निघाल्यात.

तक्रार १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर दिलीय. परभणी, जिंतूर, मानवत भागात कुणाला असंच लॅबचं सांगून पैसे घेतले असतील तर पेमेंटचा मेसेज, पावती, मिळालेली फाइल काहीच डिलीट करू नका आणि तुम्हीही तक्रार टाका.