'जीटीसमरी'चे आठ महिने: तक्ते हाताने सजवणं मी का सोडलं

कोथरूडला घरी बसून मी वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचं संख्याशास्त्राचं काम करते. गेल्या पावसाळ्यापर्यंत आकडे एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधून काढायचे आणि तक्ता वर्डमध्ये हाताने मांडायचा, अशी माझी रीत होती. एका प्रबंधातले तीन रुग्ण ऐनवेळी निकषात बसेनात. सगळे तक्ते नव्याने भरताना एका रकान्यात जुनीच टक्केवारी राहून गेली. मार्गदर्शकांनी ती पकडली. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतलं, तक्ते बनवणारं 'जीटीसमरी' हे पॅकेज शिकायला घेतलं.

दोन गटांचा मूलभूत माहितीचा तक्ता दोन-तीन ओळींत तयार होतो. ठळक नावं, दशांशस्थळं, 'माहिती नाही' या ओळीचा मजकूर, सगळं कोडमध्येच राहतं. माहिती बदलली की तेच कोड पुन्हा चालवायचं. नियतकालिकांच्या तयार शैलीही आहेत. 'लॅन्सेट' निवडलं की दशांशचिन्ह ओळीच्या मध्यावर चढतं.

एका गोष्टीला मात्र जपा. मुळात हे पॅकेज सलग मापांसाठी मध्यक आणि चतुर्थकं दाखवतं. आपल्याकडे बहुतेक मार्गदर्शकांना सरासरी ± प्रमाण विचलन हवं असतं. ते बदलणं सोपं आहे, पण त्याने फक्त दिसणं बदलतं. दोन गटांसाठी पी-मूल्य (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) आधीसारखंच, क्रमवारीवर आधारलेल्या विलकॉक्सन चाचणीचं राहतं! सरासऱ्यांची तुलना करणारी टी-चाचणी हवी असेल तर ती वेगळी सांगावी लागते, आणि सांगितल्यावरही मिळते ती वेल्चची, म्हणजे दोन्ही गटांचं विचलन सारखं न मानणारी. कोणती चाचणी लावली ते तळटीपेत छापून येतं, म्हणून ती तळटीप मी कधीच काढत नाही. टक्केवारीचंही तसंच: ज्यांची माहिती नाही ते रुग्ण छेदात धरले जात नाहीत.

मला सर्वात आनंद झाला तो भाषेच्या यादीत मराठी सापडली तेव्हा. एका आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल गावकऱ्यांसाठी मराठीत करायचा होता. पॅकेजचे स्वतःचे शब्द मराठीत आले, चलांची नावं मी लिहिली. वर्डमध्ये मात्र अक्षरं भलत्याच फॉन्टमध्ये उमटत होती. दोन दिवस गेल्यावर उलगडलं: तक्ता वर्डमध्ये नेणाऱ्या 'फ्लेक्सटेबल' या पॅकेजमध्ये देवनागरीचा फॉन्ट नेहमीच्या जागी देऊन भागत नाही, 'सीएस फॅमिली' या वेगळ्या जागी द्यावा लागतो.

लाखांचे स्वल्पविराम अजून खटकतात. 'जीटी' या तक्त्यांच्या आणखी एका पॅकेजमध्ये 1,20,000 असं लिहायची भारतीय पद्धत आहे. पण तक्ता एकदा 'जीटी'त नेला की तो 'फ्लेक्सटेबल'कडे वळवता येत नाही, आणि मला वर्डसाठी 'फ्लेक्सटेबल'च लागतं. शेवटी छोटं फंक्शन लिहून ते 'जीटीसमरी'त आकडे कसे लिहायचे ते ठरवणाऱ्या 'डिजिट्स' या पर्यायात दिलं. चार गटांचे रुंद तक्ते आजही उभ्या पानाबाहेर जातात. त्यांच्यासाठी आडवं पान ठेवते.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने संध्याकाळी नऊ रुग्ण वाढवून पाठवले. कोड चालवलं, सगळ्या तळटीपा वाचल्या आणि जेवायच्या आधी फाइल तिच्याकडे गेली.