बार्बाडोसला व्हिसा नको पण लंडनला हवा, आमच्या ट्रॅव्हल एजंटचा रिव्ह्यू

२०२४ चा टी-२० वर्ल्डकप आपण जिथे जिंकलो ते ब्रिजटाऊनचं केन्सिंग्टन ओव्हल बघायची नवऱ्याची फार इच्छा, आणि बार्बाडोसला भारतीय पासपोर्टवर फिरायला जायचं तर आधी व्हिसा काढावा लागत नाही म्हणून घरात सगळे खुश. एका बुकिंग अ‍ॅपवर स्वस्त तिकीट दिसत होतं, लंडनच्या हीथ्रो एअरपोर्टपर्यंत एक एअरलाइन आणि पुढे लंडनच्याच गॅटविक एअरपोर्टवरून दुसरी, व्हिसाबद्दल एक ओळ नाही. मला हे फार चुकीचं वाटतं, लोकांचे लाखो रुपये जातात यात.

पैसे भरण्याआधी सदाशिव पेठेतल्या आमच्या नेहमीच्या एजंटकडे गेलो. तिथल्या ताईंनी पहिलं विचारलं, लंडनला बॅगा कोण घेणार? दोन वेगळी तिकिटं म्हणजे इमिग्रेशन करून बाहेर यायचं, बॅगा घ्यायच्या, एअरपोर्ट बदलायचा, त्याला व्हिजिटर इन ट्रान्झिट व्हिसा. आणि एकाच तिकिटावर हीथ्रोच्या आतल्या आत विमान बदललं तरी आपल्याला डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा लागतोच! दिराकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे म्हणून त्याला आतल्या ट्रान्झिटला सूट, आम्हा दोघांना नाही. हे सगळं त्यांनी यूके सरकारची साइट उघडून दाखवलं, तोंडी काही नाही.

मी म्हटलं मग मायामीवरून जाऊ, तर ते अजून अवघड, अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही इमिग्रेशन करावं लागतं, सी-१ म्हणजे त्यांचा ट्रान्झिट व्हिसा नाहीतर टुरिस्ट व्हिसा हवाच आणि इंटरव्ह्यूची तारीख मिळेपर्यंत थांबा.

शेवटी हीथ्रोवरून एकच तिकीट, बॅगा थेट ब्रिजटाऊनला टॅग. ट्रान्झिट व्हिसाचा फॉर्म ताईंनी भरून दिला, बायोमेट्रिक्सला (बोटांचे ठसे नि फोटो) आम्ही गेलो. मुंबईला चेक-इन काउंटरवर ट्रान्झिट व्हिसाच आधी मागितला, कागद नसलेला माणूस नेला तर एअरलाइनला दंड बसतो, त्यामुळे तिथे गयावया करून काही उपयोग नसतो.

सर्व्हिस चार्ज जरा जास्त आहे, व्हॉट्सअ‍ॅपला रिप्लाय रात्रीच येतो. दुबई किंवा सिंगापूरवरून एकाच तिकिटावर साधं कनेक्शन असेल तर इथे यायची गरज नाही, पण मध्ये लंडन, अमेरिका, कॅनडा येत असेल तर नक्की या, आणि सगळ्यांचे पासपोर्ट नि चालू व्हिसे घेऊनच या, ते बघितल्याशिवाय ताई रूट सांगत नाहीत.