पिलोसोबत आठ महिने: फोटोची तारीख वाचणं सोपं, लिहिताना जपून

घरातले जुने अल्बम स्कॅन केले आणि अडचण आली तारखांची. आईबाबांचं लग्न १९७४ चं, पण फाईलवर दिवस स्कॅनिंगचा. गॅलरीत त्यांचं लग्न नातवाच्या बारशानंतर दिसायचं! हे सुधारायला मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतली, चित्रांवर काम करणारी पिलो लायब्ररी घेतली, त्याला आता आठ महिने झाले.

वाचायच्या कामात पिलोला मी मनापासून दाद देते. फाईल उघडणारं इमेज.ओपन आधी फक्त हेडर, म्हणजे फाईलच्या सुरुवातीची माहिती, वाचतं, पिक्सेल उलगडत बसत नाही. त्यामुळे शेकडो फोटोंची साईज, फॉरमॅट, मोड (रंगांचा प्रकार) भराभर कळतात. फोटोच्या फाईलमध्येच तारीख, कॅमेरा वगैरे माहिती साठवलेली असते, तिला एक्झिफ म्हणतात. ती वाचणारं, २०१९ च्या ६.० आवृत्तीपासून मिळणारं गेटएक्झिफ तर पायथॉनच्या डिक्शनरीसारखंच वापरायचं: टॅगचा, म्हणजे नोंदीचा, क्रमांक दिला की माहिती मिळते. एक संध्याकाळ मात्र तारखेपायी गेली. टॅग ३०६ मध्ये फाईल बदलल्याची तारीख असते. फोटो काढल्याची तारीख ३६८६७ मध्ये, आणि ती वरच्या यादीत दिसतच नाही. ३४६६५ हा आतला कप्पा गेट_आयएफडीने उघडावा लागतो. शिवाय तारीख लिहायची ती कोलन देऊन, १९७४:०५:१२ अशी.

मोबाईलचे आडवे पडलेले फोटो इमेजऑप्समधलं एक्झिफ_ट्रान्सपोज एका ओळीत सरळ करतं.

खरी काळजी सेव्ह करताना घ्या. जेपेग सेव्ह करताना एक्झिफ स्वतः दिलं नाही, तर ती माहिती गळून जाते; रंग नेमके कसे दाखवायचे ते सांगणारी आयसीसी प्रोफाईलही तशीच वेगळी द्यावी लागते. दोन्ही दिलं तरी चित्र नव्याने कॉम्प्रेस होतंच, आणि क्वालिटी सांगितली नाही तर ती ७५ धरली जाते. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं नव्हतं. आजीच्या नऊवारीचे काठ पुसट झालेले बघून पोटात गोळा आला. मूळ स्कॅन वेगळ्या डिस्कवर होते म्हणून निभावलं. क्वालिटीला 'कीप' दिलं तर मूळची क्वांटायझेशन टेबलं (किती बारकावे गाळायचे ते ठरवणारे आकडे) राहतात, पण रिसाईज केलेल्या चित्राचा फॉरमॅट 'नन', म्हणजे रिकामा, होतो आणि तिथे 'कीप' चालत नाही.

म्हणून आता वाचन, छाननी पिलोने आणि लेखन फिल हार्वी यांच्या एक्झिफटूल या प्रोग्रामने. ते पिक्सेलला हात न लावता माहिती बदलतं आणि मूळ फाईलची प्रतही ठेवतं. ज्या फोटोचं फक्त साल ठाऊक आहे, तिथे मी १ जानेवारी घालते आणि चित्राच्या वर्णनाच्या टॅग २७० मध्ये 'दिवस अंदाजे' अशी नोंद करते. तो टॅग आस्की प्रकारचा, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-चिन्हांसाठीचा, त्यामुळे नोंद मराठीतच, पण रोमन अक्षरांत.